शिफारशीकडे तिकीट मागणाऱ्या बाई

"बाईंना कशाला विचारायचं? त्या मशिनकडेसुद्धा तिकीट मागतील."

सर हे फोनवर म्हणाले, आवाज खाली करून, माझ्याकडे पाठ फिरवून. मग हसले. पलीकडचा माणूसही हसला असावा, कारण सर आणखी थोडं हसले. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. पण मी खोलीत असले की लोक खोली रिकामी असल्यासारखं बोलतात. शाळेपासून हे असंच आहे. त्याचा फायदा एवढाच, की मला बरंच ऐकू येतं.

"नाही नाही, तुम्ही म्हणताय तर चांगलंच असेल," सर म्हणाले. "करून टाकू ऑन."

काय ऑन केलं ते त्या दुपारी मला कळलं नाही. बाई त्याच दिवशी सकाळी तळेगावला डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या होत्या.

आमचं ऑफिस लोणावळ्याच्या बाजारात होतं, छत्र्या-रेनकोटच्या दुकानाच्या वर. आम्ही लोकांच्या जाहिराती चालवायचो. इंटरनेटवर कुणी काही शोधलं की सगळ्यात वर ज्या पैसे देऊन दिसतात, त्या. गिऱ्हाईक सगळं मावळातलं: तुंगार्लीचे बंगलेवाले, पवनेच्या बाजूचा एक गुलाबवाला, उर्से टोलनाक्याजवळचा टायरवाला, कार्ल्याच्या मावशी. या जाहिराती ज्या प्लॅटफॉर्मवर चालतात, तो रोज सकाळी प्रत्येक खात्याला शिफारशी पाठवतो. हे शब्द घाला, बजेट वाढवा, तुमची जाहिरात कमकुवत आहे, आम्ही लिहिलेली घ्या. शेजारी खात्याचा स्कोअर असतो, शंभरपैकी. शिफारस मान्य केली की स्कोअर वर जातो. सगळ्या खात्यांचा मिळून स्कोअर चांगला राहिला तर आमच्यासारख्या छोट्या एजन्सीला भागीदार म्हणून एक बिल्ला मिळतो. सरांनी तो काचेच्या दारावर चिकटवून घेतला होता, ऑफिसच्या नावापेक्षा मोठा.

बाई आत येताना त्या बिल्ल्यावरच तळहात ठेवून दार ढकलायच्या. काच रोज पुसली जायची आणि रोज बिल्ल्यावर पंजा उमटलेला असायचा.

बाई आधी रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या. नोकरी शिल्लक असताना सोडून आल्या, का ते कुणाला सांगितलं नाही. सरांच्या आईची मैत्रीण म्हणून त्यांना ऑफिसात फोन घ्यायला बसवलं होतं. सरांना शिफारशी वाचायचा कंटाळा, म्हणून हळूहळू ते काम बाईंकडे गेलं. मी संगणकाचं बघायची, बाई निवाडा करायच्या. रेल्वेचा काळा कोट त्यांनी टाकला नव्हता. नावाची पट्टी काढलेली, पण पिनेची दोन भोकं तशीच. लोणावळ्याच्या ओलीत तो कोट पावसाळाभर त्यांच्या अंगावर असायचा आणि त्याला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास यायचा. त्या खुर्चीत बसायच्या नाहीत. टेबलाला कंबर टेकून, पाय थोडे फाकवून उभ्या राहायच्या, ऑफिस आत्ता हलेल अशा. हातात टिकटिक करणारं पेन. पेनाची टिकटिक थांबली की समजायचं, कुणीतरी पकडलं गेलं.

स्क्रीनवर शिफारस आली की बाई तिच्याकडे बघून एकच शब्द म्हणायच्या. "तिकीट?"

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यांचं काहीतरी बिनसलंय. मग एकदा त्यांनी स्वतःच सांगितलं. "डब्यात चढलं ना, की बघायचं, कोण आधी बोलतं. तिकीट असलेला माणूस खिडकीबाहेर बघत असतो. नसलेला आपणहून बोलतो. 'मॅडम, गर्दी फार आहे नाही आज.' 'मॅडम, तुम्ही पुण्याच्या का.' मी विचारलंय का? नाही विचारलं. मग हा का बोलतो?" त्यांनी पेन स्क्रीनवर आपटलं. "हे बघ. मी विचारलंय का याला? सकाळी सकाळी दारात उभा. 'तुमच्यासाठी खास.' माझ्यासाठी खास माझ्या आईनं पण काही केलं नाही."

मला त्या आवडायच्या असं कुणी समजू नये. निदान सुरुवातीला तर मी त्यांचा रागच करायची. त्या मला 'कॉन्व्हेंट' म्हणायच्या. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही. मी "सॉरी" म्हटलं की त्या थांबायच्या आणि विचारायच्या, "कशाबद्दल? काय केलंस?" मला उत्तर देता यायचं नाही, कारण मी काहीच केलेलं नसायचं. तरी त्या उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या. समोर गिऱ्हाईक असलं तरी.

सगळ्यात वाईट म्हणजे चार्ट. लोकांनी नेमके कोणते शब्द शोधले म्हणून आपली जाहिरात त्यांना दिसली, याची एक यादी प्लॅटफॉर्मवर बघायला मिळते. बाई तिला चार्ट म्हणायच्या, आरक्षणाच्या डब्याला चिकटवतात तसा. आणि तो मला मोठ्याने वाचायला लावायच्या.

"मोठ्यानं, कॉन्व्हेंट. शेवटच्या बाकाला ऐकू गेलं पाहिजे."

"बाई, तुम्ही स्क्रीनवर बघा ना. मी मोठं करून देते."

"डोळ्यानं वाचलं की चोर निसटतो. कानानं धरायचा असतो. वाच."

मग मी त्या ऑफिसात, सर आणि त्यांचे दोन मित्र चहा पीत बसलेले असताना वाचायची. "लोणावळा व्हिला फॉर बॅचलर्स. डीजे अलाउड. चीप रूम फॉर कपल, अवरली." मित्र हसायचे. माझे कान तापायचे. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मधेच म्हणायच्या, "थांब. हा कुठून चढला? हा आपल्या गाडीचा नाही. उतरव." मी तो शब्द वगळायची. "पुढे."

एकदा स्कोअर विचारला तर मी म्हटलं, "सिक्स्टी-नाइन."

"मराठीत."

मी बोटांवर मोजायला लागले.

"एकोणसत्तर. एवढी फी घेतली तुझ्या शाळेनं आणि एकोणसत्तर दिलं नाही."

त्या दिवशी घरी जाताना मी रेल्वेच्या पुलावर उभी राहून त्यांना मनातल्या मनात इंग्रजीत खूप बोलले. मराठीत तेवढं बोलता येत नव्हतं म्हणून आणखी राग आला.

महिन्या-दोन महिन्यांनी प्लॅटफॉर्मकडून फोन यायचा. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि आवाज तोच, साखरेत घोळलेला. मी तुमचा खाते सल्लागार, तुमच्या यशाची जबाबदारी माझी. बाई फोन स्पीकरवर टाकायच्या.

"मॅम, तुमच्या बंगल्याच्या खात्यात बजेट लिमिटेड दाखवतंय. येत्या वीकेंडला डिमांड खूप आहे. बजेट वाढवलं तर भरपूर क्लिक्स मिळतील."

"बंगला भरलाय," बाई म्हणाल्या.

"मॅम, पण डिमांड..."

"बंगला भरलाय. त्यात खोल्या वाढतात का क्लिकनं? जुलैचा रविवार आहे. खंडाळ्यापासून गाड्या उभ्या असतात. अजून माणसं बोलावू आणि कुठं ठेवू, बोगद्यात?"

"मॅम, इट्स अ बेस्ट प्रॅक्टिस."

"कुणासाठी?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

"तुम्ही लोणावळ्याला आलायत कधी? नाही ना. बरं, दुसरं सांगा. मी ही शिफारस घेतली नाही तर नुकसान कुणाचं? माझं की तुमचं? विचार करून सांगा, मी थांबते." आणि त्या खरंच थांबायच्या, पेन टिकटिकवत. तो बिचारा म्हणायचा, मॅम, मी मेल करतो.

शिफारस नाकारता येते. तिच्या कोपऱ्यात फुली असते, ती दाबली की प्लॅटफॉर्म कारण विचारतो. तयार कारणांतलं एक निवडायचं, नाहीतर चौकटीत लिहायचं. बाई माझ्याकडून लिहून घ्यायच्या, मराठीत, पूर्ण वाक्यांत. "कारण: टायरवाला रात्री दुकान बंद करून जेवायला घरी जातो. त्याला रात्रीचे फोन नकोत. त्याला बायको आहे." मी म्हटलं, बाई, हे कुणी वाचत नाही. त्या म्हणाल्या, "दंडाची पावती पण कुणी वाचत नाही. फाडायची असते."

असंच नाकारता नाकारता एकदा माझ्या लक्षात आलं, की फुली दाबली तरी स्कोअर वाढतो. मान्य केलं तरी वाढतो, नाकारलं तरी वाढतो; सकाळी नव्या शिफारशी आल्या की पुन्हा उतरतो. मी ते बाईंना सांगितलं. पेनाची टिकटिक थांबली. त्यांनी परत करायला सांगितलं. परत वाढला.

"म्हणजे हे मार्क अभ्यासाचे नाहीत," त्या म्हणाल्या. "हजेरीचे आहेत." आणि हसल्या. मी त्यांना मोकळेपणी हसताना पाहिलं ते तेवढंच. त्या हसण्यात मौज कमी आणि संताप जास्त होता. सरांच्या दारावरचा बिल्ला, सरांच्या भाषणातला स्कोअर, गिऱ्हाइकाला दाखवायचा तो स्कोअरचा हिरवा गोल, सगळं हजेरीचं.

पण त्या चुकायच्याही, आणि हे सांगितलं नाही तर मी त्यांची जाहिरातच करतेय असं होईल. गुलाबवाल्याच्या खात्यात एक शिफारस आली होती: तुमच्या जाहिरातीतली लिंक उघडत नाही, दुरुस्त करा. ती शिफारस खरी होती. बाई त्या सकाळी तापलेल्या होत्या, आधीच्या साऱ्या शिफारशी बिनतिकिटाच्या निघालेल्या. त्यांनी पुरतं न ऐकताच सांगितलं, "उतरव." मी उतरवली. लग्नाच्या तिथ्यांचे दिवस होते आणि गुलाबवाल्याकडे सजावटवाल्यांचे फोनच येईनात. त्याने पॉलीहाऊसमधली फुलं ढिगाने टाकून दिली. मग त्याचा फोन आला.

बाई दुसऱ्या दिवशी मला घेऊन एसटीने त्याच्याकडे गेल्या. फोनवर माफी मागता आली असती. त्यांनी ती त्याच्या शेतावर, टाकलेल्या फुलांच्या ढिगाजवळ उभं राहून मागितली. तो मनसोक्त बोलला. बाई कोटाची बटणं लावून ऐकत उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे होते आणि मला खोटं बोलायचं नाही, मला थोडं बरं वाटत होतं.

परतताना एसटीत त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कामशेतला एका म्हाताऱ्याला उतरवलं होतं मी. तिकीट सापडेना त्याला. खिसे उलटे केले, पिशवी उलटी केली. मी म्हटलं, नाटकं पुरे. गाडी सुटल्यावर मी दारात होते. तो फलाटावर टोपी काढून उभा होता, आणि टोपीच्या घडीतलं तिकीट हात वर करून मला दाखवत होता. ओरडत पण नव्हता. नुसतं दाखवत होता." मग त्या म्हणाल्या, "संशय घेणं म्हणजे तपासणं नव्हे, कॉन्व्हेंट. संशय कुणालाही येतो."

त्यानंतर त्यांनी एकही शिफारस न तपासता उतरवली नाही, आणि एकही न तपासता चढू दिली नाही. मला दर वेळी त्या जाहिरातीवरून खरोखर कोण आलं ते शोधायला लावायच्या. क्लिक नाही, माणूस. गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचं: मागच्या आठवड्यात कोण आलं, कशाला आलं, परत येईल का. मला फोनवर बोलायची भीती वाटायची. बाई पाठ असलेला नंबर फिरवून फोन माझ्या हातात द्यायच्या आणि निघून जायच्या.

कार्ल्याच्या मावशींची जाहिरात आम्ही तिघींनी मिळून लिहिली होती. मावशी अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. डोंगराखाली, भातखाचरांना लागून त्यांचं घर, त्यात वरच्या दोन खोल्या. लेणी बघायला लांबून येणारी कुटुंबं उतरायची. विदर्भातून, मराठवाड्यातून, म्हाताऱ्या माणसांना घेऊन. मावशींकडे दर रविवारी शेजारच्या बायका बुद्धवंदनेला जमायच्या, आणि पाहुणेसुद्धा त्यात येऊन बसायचे. मुलगा नोकरीवर लांब, घरात मावशी, सून आणि दहावीतली नात.

दुसरे लोक गिऱ्हाइकाला विचारतात, तुम्हाला कोण हवंय. बाईंनी उंबऱ्यातच विचारलं, "मावशी, कोण नको ते सांगा."

मावशींना प्रश्न आवडला. त्यांनी पदर खोचला. "पिनारा नको. बूट घालून आत येनारा नको. आन् रात्री दहाच्या पुढं कुलूप उघड म्हननारा नको. बाकी कुनी बी येऊ द्या, आमी भाकरी घालू."

बाईंनी जाहिरातीत पहिली ओळ तीच घातली. 'घरात दारू चालत नाही. बूट बाहेर. रात्री दहाला दार बंद.' मी भीत भीत म्हटलं, बाई, जाहिरातीत आधी चांगलं लिहितात. त्या म्हणाल्या, "हेच चांगलं आहे. ज्याला हे चांगलं वाटेल तोच येईल."

तसंच झालं. थोडे लोक यायचे, पण नेमके यायचे. प्लॅटफॉर्मला मात्र ती ओळ सहन होत नव्हती. जाहिरातीची ताकद: कमकुवत, लाल अक्षरांत. रोज सकाळी शिफारस: ही ओळ बदला, आकर्षक लिहा, आम्ही लिहून देतो. दुसरी शिफारस: नेमके शब्द सोडा, त्यांच्याशी मिळतंजुळतं काहीही शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवू द्या. मिळतंजुळतं म्हणजे काय ते तोच ठरवणार. बाई रोज फुली मारायला लावायच्या आणि रोज तेच कारण. "कारण: मावशींनी नाही म्हटलंय."

मग बाईंचं ऑपरेशन ठरलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकामागून एक. डॉक्टरांनी स्क्रीन बंद सांगितली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "चार्ट वाचत जा. कुणी नसलं तरी मोठ्यानं वाच." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की कानाने चोर धरायचा वगैरे ठीक आहे, पण बाईंना कित्येक महिने स्क्रीन दिसतच नव्हती. सगळं माझ्या आवाजावर चाललं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना कळलं की मला कळलं. "काय?" त्या म्हणाल्या. "सॉरी म्हणायचंय का?"

मी नाही म्हटलं.

सरांनी 'करून टाकू ऑन' म्हटलं तो फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. त्या आठवड्यात स्कोअर चढत गेला आणि सरांनी पेढे आणले. हिरवा गोल जवळजवळ पूर्ण भरला होता. मी पेढा हातात धरून विचारलं, "सर, कशामुळे वाढला?"

"आपोआप," सर म्हणाले, आणि तोंडातला पेढा संपवला.

मी मावशींचं खातं उघडायला गेले तर ते म्हणाले, लग्नाच्या हॉलवाल्याचं आधी कर, अर्जंट आहे. आठवडाभर सगळं अर्जंट होतं.

सोमवारी मावशी आल्या. जिना चढून आल्या म्हणून धापा टाकत होत्या, पण बसल्या नाहीत. हातात पिशवी, पिशवीत बाईंसाठी इंद्रायणीचा तांदूळ. "बाई कुटं हायेत? मी त्यांना भेटायला आले."

सर म्हणाले, बाई रजेवर आहेत, मला सांगा.

"शनिवारी दोन गाड्या भरून पोरं आली," मावशी म्हणाल्या. "चांगल्या घरची दिसत व्हती. मी जेवनाचं इचारलं, तर ती खोकी उतरवाया लागली. बाटल्यांची. मी म्हनलं, बाबांनो, हितं हे चालत न्हाई. तर एकानं मोबाईल माज्या तोंडाम्होरं धरला. म्हनला, मावशी, तुमीच लिवलंय, मित्रांसोबत धमाल करा. वाचा की." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "माजंच घर. माजाच फोटू, मागं भातखाचर दिसतंया तो. आन् खाली हे लिवलेलं."

"मावशी, पाणी घ्या," सर म्हणाले.

"पानी नको. त्या पोरांनी बूट घालून आत येऊन सपीकर ठेवला, कुटं ठेवला म्हाईत हाय का? भगवंतापुढं. दिवा सरकवून. नात तितंच अभ्यासाला बसलेली. मी दारात आडवी झाले. गावातली मानसं आली तवा गेली ती, पन जाताना मलाच खोटारडी म्हनून गेली. मोबाईलवर पन लिवलंय म्हनं, मालकीन खोटी हाय." मावशींचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "ते पन जाऊ द्या. गावात म्हनत्यात, मावशीनं घर पार्टीला दिलं. काल रविवार. वंदनेला एक बाई आली न्हाई माज्याकडं."

मी त्या बोलत असतानाच खातं उघडलं होतं. शिफारशींच्या मागे एक पान असतं, तिथे चौकटी असतात: या प्रकारच्या शिफारशी न विचारता आपोआप लागू करा. सगळ्या चौकटींत खुणा होत्या. मावशींची ओळ गेली होती. तिच्या जागी प्लॅटफॉर्मने लिहिलेल्या ओळी होत्या, आणि ताकद हिरव्या अक्षरांत: उत्कृष्ट. त्या खुणा कधी केल्या ते मला शोधावं लागलं नाही. ते मी ऐकलं होतं. मी एकेक खूण काढली आणि जाहिरात थांबवली.  

सरांनी खुर्ची मावशींकडे सरकवली. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, नीट बसवलेलं. "मावशी, खरं सांगू का? बाईंना मोतीबिंदू. बरेच दिवस त्यांना दिसतच नव्हतं हो. आम्ही सांभाळून घेत होतो. त्यांच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं असणार. रेल्वेतून आलेल्या, त्यांना हे सगळं कुठून कळणार? मी बोलतो त्यांच्याशी. आता त्यांनी घरी आराम करावा हेच बरं."

मावशींनी पिशवीकडे बघितलं. तांदूळ तिथेच होता. "त्यांनीच मला इचारलं व्हतं, कोन नको म्हनून," त्या म्हणाल्या. "आन् त्यांनीच असं करावं?"

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत मी आहे हे त्यांना एकटीलाच आठवत होतं. "व्हय का गं पोरी?"

सर म्हणाले, "तू ते हॉलवाल्याचं कर."

मी उभी राहिले. टेबलाला कंबर टेकली. स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि चार्ट वाचायला लागले. शनिवारचा चार्ट, मावशींच्या घराचा. मोठ्याने, खालच्या छत्रीच्या दुकानात जाईल इतक्या मोठ्याने. "लोणावळा पार्टी व्हिला. बॅचलर्स अलाउड. म्युझिक सिस्टिम. बूझ पार्टी निअर कार्ला."

"काय चाललंय हे?" सर म्हणाले. "बस खाली."

मी यादी शेवटपर्यंत वाचली. माझे कान तापले नाहीत. मग मी मावशींकडे वळले.

"नाही मावशी. बाईंनी तुमची ओळ एकदाही बदलू दिली नाही. रोज सकाळी मशिन सांगायचं, ही ओळ काढा, आणि रोज सकाळी बाई मला लिहायला लावायच्या, मावशींनी नाही म्हटलंय. ही ओळ बाई इथे नसताना गेली. फोनवरचा माणूस म्हणाला, सगळं आपोआप होऊ द्या, आणि सर म्हणाले, तुम्ही म्हणताय तर चांगलंच असेल. मी या टेबलाशी बसले होते." मी स्क्रीन मावशींकडे फिरवली. "गावात यायला लागलं तर मी येते आणि हेच सांगते, मोठ्यानं. आणि सर, त्या दुपारी बाईंच्या डोळ्याला पट्टी होती. तुमच्या नव्हती."